12 ऑक्टोबर 2020 : मुंबईची वीज आणि चौदा ट्रोजन

सोमवार, 12 ऑक्टोबर 2020. सकाळी दहा वाजून काही मिनिटे झाली आणि अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड सगळीकडे एकदमच लाइट गेले. एखाद्या इमारतीची किंवा गल्लीची वीज जाणे मुंबईकराला ठाऊक असते. फ्यूज उडाला असेल, केबल जळाली असेल, रस्ता खोदताना कोणीतरी वायर तोडली असेल. या वेळी मात्र कुलाब्यापासून ठाणे-नवी मुंबईपर्यंत वीज नव्हती. दहा-पाचच्या सुमारास पश्चिम, मध्य आणि हार्बर या तिन्ही मार्गांवरच्या लोकल जागच्या जागी थांबल्या. करोनाचे दिवस होते आणि लोकल फक्त अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी चालत होत्या. त्यातल्या परिचारिका, वॉर्डबॉय, पालिकेचे कामगार, बँकेतली माणसे गाडीतून उतरली आणि रुळांच्या कडेने चालू लागली. मुंबई विद्यापीठाच्या अंतिम वर्षाच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. उच्च न्यायालयाच्या दूरदृश्य सुनावण्या अडल्या. रुग्णालये जनरेटरवर गेली.

दुपारी बारानंतर बहुतेक लोकल पुन्हा धावू लागल्या आणि शहराच्या बऱ्याच भागात दुपारपर्यंत वीज आली. पूर्व उपनगरांच्या टोकाला मात्र संध्याकाळ झाली तरी सगळे सुरळीत नव्हते. मुलुंडमधल्या एका खासगी रुग्णालयात तासन् तास चाललेल्या जनरेटरला आग लागली आणि रुग्णांना दुसऱ्या रुग्णालयांत हलवावे लागले. त्या दिवसाची किंमत पैशांत मोजणाऱ्यांनी ही घटना लक्षात ठेवावी. करोनाच्या काळात प्राणवायूवर असलेल्या माणसाला एका इमारतीतून दुसरीकडे नेणे म्हणजे काय, हे ज्याच्या घरात तो आजार येऊन गेला त्याला सांगायला नको.

या दिवसाचा इतिहास दोनदा लिहिला गेला. पहिला वीज अभियंत्यांनी लिहिला, तारा आणि उपकेंद्रांच्या भाषेत. दुसरा साडेचार महिन्यांनी मंत्र्यांच्या पत्रकार परिषदेत आला, संगणकातल्या घुसखोरीच्या भाषेत. दोन्ही इतिहास आजही शेजारी शेजारी उभे आहेत. त्यांना एकमेकांशी ताडून पाहण्यासाठी लागणारा पुरावा ज्यांच्याकडे आहे, त्यांनी तो अभ्यासकांपुढे ठेवलेला नाही. माझी तक्रार एवढीच आहे.

हे समजायला मुंबईच्या विजेचा नकाशा डोळ्यांपुढे हवा. मुंबईला मोठ्या प्रमाणावर वीज मिळाली ती सह्याद्रीच्या पाण्यातून. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र 1915 मध्ये सुरू झाले, मग 1922 मध्ये भिवपुरी आणि 1927 मध्ये भिरा. ट्रॉम्बेचे औष्णिक केंद्र 1956 चे. उपनगरांसाठी 1929 मध्ये बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी निघाली, तीच जुन्या लोकांच्या तोंडची बीएसईएस. तिचे डहाणूचे 500 मेगावॉटचे केंद्र नव्वदच्या दशकात उभे राहिले. पुढे कंपनी रिलायन्सकडे गेली आणि 2018 मध्ये अदानींकडे. आज वांद्र्यापासून भाईंदरपर्यंत आणि पूर्वेला कुर्ला-विक्रोळीपर्यंत मुख्यतः तिचे जाळे आहे. भांडुप आणि मुलुंडला महावितरणची वीज आहे. म्हणजे विक्रोळी सोडून भांडुपात शिरलात की बिलावरचे नाव बदलते. सामान्य माणसाला हे फक्त बिल भरताना कळते. वीज गेली की मात्र या सीमारेषा फार महत्त्वाच्या ठरतात.

टाटांची ट्रॉम्बे आणि जलविद्युत केंद्रे मिळून सुमारे 1,377 मेगावॉट, डहाणूचे 500, एकूण 1,877. मुंबईची कमाल मागणी 2020 पर्यंत साडेतीन हजारांच्या घरात जात असे. उरलेली वीज बाहेरून येते आणि ती यायला वाटा मोजक्याच आहेत. कळवा, पडघा, खारघर ही नावे मुंबईकराच्या बोलण्यात कधी येत नाहीत, पण 2020 मध्ये 400 केव्हीच्या वाहिन्या तिथेच उतरत आणि तिथूनच शहराकडे वीज वळत असे. या खाडीपलीकडच्या उंबरठ्यावर काही बिघडले तर शहराला वाचवता यावे म्हणून 1981 मध्ये मुंबईसाठी आयलंडिंगची व्यवस्था बसवली गेली. बाहेरचे ग्रिड कोसळू लागले आणि वारंवारता ठरलेल्या मर्यादेखाली गेली की मुंबई आपोआप त्यापासून तुटते, काही फीडर बंद करून मागणी कमी करते आणि स्वतःच्या केंद्रांवर चालू राहते. पुढची कित्येक वर्षे या व्यवस्थेने शहराला सांभाळले. देशभर लोक बत्ती गुल झाल्याच्या गोष्टी सांगत आणि मुंबईकर अभिमानाने म्हणत, आमच्याकडे लाइट जात नाहीत.

12 ऑक्टोबरला ती व्यवस्था मुंबईला वाचवू शकली नाही.

राज्याचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी त्याच दिवशी दिलेली माहिती अशी होती : महापारेषण या सरकारी पारेषण कंपनीच्या 400 केव्ही कळवा-पडघा वाहिनीच्या पहिल्या सर्किटवर देखभालीचे काम चालू होते, भार दुसऱ्या सर्किटवर होता आणि त्यातच तांत्रिक बिघाड झाला. टाटा पॉवरने सांगितले की कळवा आणि खारघर ही उपकेंद्रे एकाच वेळी ट्रिप झाली आणि मुंबईच्या पारेषण यंत्रणेतली वारंवारता एकदम खाली आली. शहरात तयार होणारी वीज त्या क्षणीच्या मागणीला पुरी पडली नाही, यंत्रे एकामागून एक बंद पडली. अदानींनी डहाणूतून सुमारे 385 मेगावॉट वीज अत्यावश्यक सेवांसाठी देत असल्याचे कळवले. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी चौकशीचे आदेश दिले. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने आपली चौकशी केली. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने स्वतःहून प्रकरण हाती घेतले आणि ग्रिड चालवण्यात हयात घालवलेल्या एस. के. सूनी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली.

इथपर्यंतची गोष्ट अपुऱ्या पारेषण क्षमतेची, चुकलेल्या नियोजनाची आणि वेळेवर कमी न केलेल्या भाराची आहे. त्यात गूढ काही नाही. मग नोव्हेंबर 2020 मध्ये वृत्तपत्रांतून बातम्या आल्या की राज्याच्या सायबर विभागाला यामागे घातपाताचा संशय आहे आणि पडघ्याच्या केंद्रात मालवेअर सापडले आहे. जूनमध्ये गलवानला चिनी सैन्याशी झालेल्या चकमकीत वीस भारतीय जवान धारातीर्थी पडले होते. ते दुःख ताजे होते आणि लोकांनी दोन गोष्टी मनातल्या मनात लगेच जोडल्या.

28 फेब्रुवारी 2021 रोजी अमेरिकेतल्या रेकॉर्डेड फ्युचर या कंपनीचा अहवाल आला. चीनशी जोडलेल्या एका गटाला तिने रेडएको असे नाव दिले होते. या गटाने भारताच्या वीज क्षेत्रातल्या दहा संस्थांना लक्ष्य केले, त्यांत ग्रिडचा समतोल राखणारी पाचपैकी चार प्रादेशिक भार प्रेषण केंद्रे होती, शिवाय मुंबई आणि तुतिकोरिनची बंदरे होती, असे त्यात म्हटले होते. वापरलेल्या मालवेअरचे नाव शॅडोपॅड. हे 2017 मध्ये पहिल्यांदा उघड झालेले, सुटे भाग जोडून वाढवता येणारे छुपे दार आहे. कंपनीने भारतीय संगणक आतून पाहिले नव्हते. इंटरनेटवरून जाणाऱ्या-येणाऱ्या रहदारीचे नमुने पाहून तिने हे ताडले होते. आणि मुंबईच्या वीजबिघाडाशी या मालवेअरचा संबंध सिद्ध झालेला नाही, हे तिने त्याच अहवालात स्पष्ट लिहिले होते. पण त्याच दिवशी न्यूयॉर्क टाइम्सने ही कहाणी मुंबईच्या बिघाडाशी जोडून छापली आणि दुसऱ्या दिवशी ते सावधपणाचे वाक्य कोणाला आठवेनासे झाले.

1 मार्चला राज्याचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी महाराष्ट्र सायबरच्या अहवालाची माहिती दिली. वीज मंडळाच्या सर्व्हरमध्ये चौदा ट्रोजन (साध्या प्रोग्रामच्या वेषात शिरणारे मालवेअर) घातले गेले असावेत, परदेशी सर्व्हरवरून सुमारे 8 जीबी बेहिशेबी डेटा आला असावा आणि काळ्या यादीतल्या अनेक आयपी पत्त्यांवरून लॉगिनचे प्रयत्न झाले असावेत, असे ते म्हणाले. राऊत यांनी विधानसभेतही हे मांडले. लगेच, 2 मार्चला, केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी सांगितले की दोन पथकांनी तपास केला, बिघाड मानवी चुकीमुळे झाला, सायबर हल्ल्यामुळे नव्हे. उत्तर आणि दक्षिण विभागाच्या भार प्रेषण केंद्रांवर हल्ले झाले होते, पण मालवेअर प्रत्यक्ष कार्यप्रणालीपर्यंत पोहोचले नाही, असेही ते म्हणाले. ऊर्जा मंत्रालयाच्या निवेदनात तारखाही होत्या. शॅडोपॅडबद्दल संगणकीय आणीबाणी हाताळणाऱ्या सर्ट-इन या केंद्रीय संस्थेचा ईमेल 19 नोव्हेंबर 2020 ला आला होता आणि रेडएकोबद्दल राष्ट्रीय महत्त्वाच्या माहिती यंत्रणांचे रक्षण करणाऱ्या एनसीआयआयपीसीचा ईमेल 12 फेब्रुवारी 2021 ला. चीनने आरोप फेटाळले. राज्यात एका आघाडीचे सरकार, केंद्रात दुसऱ्या. वाहिन्यांवरच्या चर्चांना चार दिवसांचे खाद्य मिळाले आणि मग विषय मागे पडला.

फॉरेन्सिकचा अभ्यासक या वादाकडे वेगळ्या नजरेने पाहतो. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. घरात चोर येऊन गेला होता आणि त्याच दिवशी घराची भिंतही पडली, म्हणून भिंत चोराने पाडली असे ठरत नाही. चोर आलाच नव्हता असेही ठरत नाही. मालवेअर सापडणे हा एक पुरावा आहे आणि ब्रेकर उघडणे ही दुसरी घटना. दोहोंना जोडणारी साखळी दाखवावी लागते.

ती साखळी कुठे शोधायची? इथे उपकेंद्राची रचना कामी येते. आजच्या उपकेंद्रातला संरक्षक रिले हा एक छोटा संगणकच आहे. तो सतत प्रवाह आणि दाब मोजतो. वाहिनीवर दोष आला की काही मिलिसेकंदांत ब्रेकरला उघडायचा आदेश देतो आणि त्या क्षणाच्या आधीचे आणि नंतरचे तरंग आपल्या स्मृतीत साठवतो. प्रत्येक नोंदीवर जीपीएस घड्याळाची वेळ असते. उपकेंद्रात बॅटऱ्या असल्यामुळे बाहेरची वीज गेली तरी ही नोंद पुसली जात नाही. आता समजा तार तुटली, इन्सुलेटर फुटला किंवा भार असह्य झाला. मग रिलेच्या स्मृतीत तसा तरंग दिसतो. याउलट दूर बसून कोणी आदेश पाठवून ब्रेकर उघडला असेल तर तरंगात दोष दिसत नाही. त्याऐवजी नियंत्रण कक्षाच्या स्काडा यंत्रणेत आदेशाची नोंद मिळते, कुठल्या टर्मिनलवरून, कुठल्या युजरच्या नावाने, कितव्या सेकंदाला. आणि उपकेंद्रातल्या रिमोट टर्मिनल युनिटमध्ये तो आदेश पोहोचल्याची नोंद मिळते. हल्लेखोराने एका जागची नोंद पुसली तरी दुसऱ्या जागची उरते. पहिले तीन-चार ब्रेकर कोणत्या क्रमाने आणि कशामुळे उघडले, एवढे ठरले तरी अर्धा वाद मिटतो.

म्हणून 8 जीबीचा आकडा मला पुरेसा वाटत नाही. तो डेटा कोणत्या संगणकावर आला? बातम्यांत फक्त "एमएसईबी" असे आले. ते मंडळ 2005 मध्येच महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्यांत विभागले गेले आहे. बिले काढणाऱ्या कार्यालयाचा सर्व्हर आणि ग्रिड चालवणाऱ्या कक्षाचा सर्व्हर यांत फार मोठे अंतर असते आणि ते अंतर राखणे हाच वीज क्षेत्राच्या सायबर सुरक्षेचा पहिला नियम आहे. ते चौदा ट्रोजन कोणत्या बाजूला होते? त्यांची ओळख पटवणारे हॅश काय होते? ते यंत्रणेत कधी आले, 12 ऑक्टोबरच्या आधी की नंतर? एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंधात फक्त संख्या लिहिली आणि हे काही सांगितले नाही, तर त्याचा मार्गदर्शक तो कागद परत करेल. मंत्र्यांच्या निवेदनाकडून प्रबंधाची अपेक्षा कोणी करत नाही. पण निवेदनामागच्या अहवालाकडून ती करायलाच हवी.

जगात असा पुरावा उघड झाल्याचे उदाहरण आहे. 23 डिसेंबर 2015 ला युक्रेनमध्ये तीन वीज वितरण कंपन्यांची सुमारे तीस उपकेंद्रे बंद पडली आणि जवळपास 2 लाख 25 हजार ग्राहकांची वीज गेली. तिथल्या ऑपरेटरांच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा माऊस आपोआप फिरत होता आणि ब्रेकर उघडत होता. तीन महिन्यांच्या आत, मार्च 2016 मध्ये, अमेरिकेच्या वीज क्षेत्राच्या माहिती केंद्राने आणि सॅन्स संस्थेने मिळून त्याचा सविस्तर अहवाल सर्वांसाठी प्रसिद्ध केला. ईमेलमधून शिरकाव कसा झाला, महिनोन् महिने हल्लेखोर आत कसे राहिले, ग्राहकांचे फोन लागू नयेत म्हणून फोनचा मारा कसा केला, आणि उपकेंद्रांतल्या सिरियल-टू-इथरनेट कन्व्हर्टरचे फर्मवेअर कसे खराब केले, हे सगळे त्यात होते. शेवटची गोष्ट विशेष होती. जुनी यंत्रे जाळ्याला जोडणारा हा हातात मावणारा डबा. त्याचे फर्मवेअर बिघडले की दुरून उपकेंद्र चालवता येत नाही, माणूस पाठवून हाताने ब्रेकर लावावा लागतो. जगभरातल्या विद्यापीठांत या अहवालावर संशोधन झाले, कारण तो हातात होता.

परदेशाचेच उदाहरण हवे असेही नाही. 30 आणि 31 जुलै 2012 ला उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताचे ग्रिड कोसळले. साठ कोटींहून जास्त लोकांवर परिणाम झाला. चौकशी समितीचा अहवाल 16 ऑगस्टला, म्हणजे जेमतेम पंधरवड्यात, तयार होता आणि तो सर्वांना वाचायला मिळाला. कोणती वाहिनी कोणत्या सेकंदाला ट्रिप झाली याचे तक्ते त्यात होते. सायबर हल्ल्याची शक्यता तपासून ती का नाकारली हेही होते. आणि त्यातले वारंवारतेचे काही आलेख आपल्या पवईतून आले होते. आयआयटी मुंबईच्या विद्युत विभागाने देशातल्या वेगवेगळ्या संस्थांत साध्या 230 व्होल्टच्या प्लगला जोडायची मोजणी यंत्रे बसवली होती. ती जीपीएसच्या वेळेसह वारंवारता टिपत आणि इंटरनेटवरून पवईला पाठवत. ग्रिडच्या नियंत्रण कक्षात पाऊल न टाकता, भिंतीवरच्या प्लगमधून देशाच्या ग्रिडची नाडी मोजता येते, हे या मंडळींनी दाखवून दिले.

हे तंत्र गुन्हे तपासातही उपयोगी पडते, हे थोड्याच लोकांना माहीत असते. ग्रिडची वारंवारता 50 हर्ट्झच्या आसपास सतत किंचित खालीवर होत राहते आणि तो चढउतार पुन्हा तसाच्या तसा होत नाही. विजेवर चालणाऱ्या उपकरणाने केलेल्या ध्वनिमुद्रणात ही गुणगुण नकळत उतरते. मुद्रणातली गुणगुण ग्रिडच्या नोंदीशी ताडून पाहिली की ते कधी झाले आणि मध्येच कापले-जोडले आहे का हे ठरवता येते. रुमानियाचे कॅटालिन ग्रिगोरास यांनी दोन हजारच्या दशकात ही पद्धत पुढे नेली आणि ब्रिटनच्या पोलिसांनी ती वापरली. आपल्या शहरात वारंवारतेच्या नोंदी ठेवणारी प्रयोगशाळा पवईत आहे आणि न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा सांताक्रूझच्या कलिन्यात. या दोन ठिकाणांत केवळ काही किलोमीटरचे अंतर आहे.

मुंबईला यंत्रांची साक्ष नवी नाही. 26/11 च्या खटल्यात दहशतवाद्यांनी पळवलेल्या कुबेर नौकेवर सापडलेले जीपीएस यंत्र, त्यातली कराचीहून मुंबईकडच्या मार्गाची नोंद, सॅटेलाइट फोन, इंटरनेटवरून वळवलेले कॉल हे सगळे न्यायालयापुढे आले आणि 29 ऑगस्ट 2012 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात त्यांची सविस्तर चर्चा आहे. मुंबईच्या वीजबिघाडाच्या तीनच महिने आधी, 14 जुलै 2020 रोजी, अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्याचा निकाल लागला. वाद जालन्याच्या 2014 च्या विधानसभा निवडणुकीचा, उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही याचा, आणि पुरावा निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांच्या चित्रणाचा. मूळ यंत्र न्यायालयात आणले तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत द्यायच्या प्रमाणपत्राची गरज नाही. पण संगणक मोठ्या जाळ्याचा भाग असेल आणि तो उचलून आणणे शक्य नसेल तर प्रमाणपत्राशिवाय पर्याय नाही, असे न्यायालयाने ठरवले. ग्रिड न्यायालयात उचलून आणता येत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 ने या प्रमाणपत्रात हॅश मूल्यही मागितले आहे. म्हणजे आज 12 ऑक्टोबरसारखी घटना घडली तर चौदा ट्रोजन असे नुसते म्हणून न्यायालयात चालणार नाही.

माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये डॉ. फारुक काझी यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या केंद्रात वीज यंत्रणा आणि स्काडाच्या सुरक्षेवर वर्षानुवर्षे काम चालू आहे. अशा प्रयोगशाळेत ग्रिडची हुबेहूब नक्कल संगणकावर चालवता येते, तिच्यावर हल्ला करून पाहता येतो आणि नोंदी कशा उमटतात ते शिकता येते. मुंबई विद्यापीठाच्या अभियांत्रिकीच्या मुलांना डिजिटल फॉरेन्सिक हा विषय अभ्यासाला असतो. या सगळ्यांना मिळते ते परदेशी प्रयोगशाळांनी खुले केलेले डेटासंच. स्वतःच्या उपनगरात घडलेल्या घटनेच्या नोंदी त्यांना मिळत नाहीत.

गोष्ट 2020 ला थांबली नाही. एप्रिल 2022 मध्ये रेकॉर्डेड फ्युचरने दुसरा अहवाल दिला. या वेळी लडाखजवळची किमान सात राज्य भार प्रेषण केंद्रे लक्ष्य होती. केंद्रीय ऊर्जामंत्री सिंह यांनी प्रयत्न झाल्याचे मान्य केले आणि ते फसल्याचे सांगितले. पण या अहवालातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली बाब वेगळी होती. हल्लेखोरांनी आदेश पाठवायला भाड्याचे सर्व्हर वापरले नाहीत, इंटरनेटला जोडलेले आणि ताब्यात घेतलेले आयपी कॅमेरे आणि डीव्हीआर वापरले. म्हणजे गृहनिर्माण संस्थांच्या दारावर जो कॅमेरा असतो आणि वॉचमनच्या केबिनमध्ये जो डीव्हीआरचा डबा असतो, त्याच जातीची उपकरणे.

या उपकरणांचा इतिहास 2016 पासूनचा आहे. त्या वर्षी मिराई नावाच्या मालवेअरने कारखान्यातून आलेले ठरावीक पासवर्ड वापरून जगभरातले कॅमेरे, राउटर आणि डीव्हीआर ताब्यात घेतले. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या संशोधकांनी एका परिषदेत त्याचा सविस्तर अभ्यास मांडला. शिखरावर असताना त्यात सहा लाखांच्या आसपास उपकरणे होती. तपास करणाऱ्याला त्यात एक कठीण अडचण येते. मिराई उपकरणाच्या तात्पुरत्या स्मृतीत राहतो आणि उपकरण बंद करून चालू केले की निघून जातो. पासवर्ड तोच असेल तर काही मिनिटांत पुन्हा येतो, पण आधीच्या शिरकावाचा माग पुसलेला असतो. वीज जाते तेव्हा बॅटरी नसलेल्या प्रत्येक कॅमेऱ्यातला असा माग जातो. म्हणून उपनगरांतली वीज एका क्षणी गेली तो क्षण अशा उपकरणांतला पुरावा हरवण्याचाही होता, आणि हे सहसा कोणी विचारात घेत नाही.

मुंबईच्या वीजबिघाडानंतर पुष्कळ काही बदलले. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने 7 ऑक्टोबर 2021 ला वीज क्षेत्रासाठी सायबर सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. वर्षानुवर्षे रखडलेली खारघर-विक्रोळी 400 केव्ही वाहिनी ऑक्टोबर 2023 मध्ये सुरू झाली आणि विक्रोळीला 400 केव्हीचे उपकेंद्र आले. त्यामुळे सुमारे 1,000 मेगावॉट वीज जास्त आणता येऊ लागली. कुडूसहून आरेपर्यंत उच्च दाबाच्या डीसी वाहिनीचा प्रकल्पही हाती घेतला गेला. सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेच्या चाचण्या बंधनकारक करणारे नियम एप्रिल 2025 पासून लागू झाले. विजेच्या बाजूचा धडा शिकला गेला असे यावरून म्हणता येते. नियामक आयोगाच्या सुनावणीत त्या बाजूचा तपशील पुष्कळसा उघड झाला, त्यावर वाद झाले, म्हणून उपायही झाले.

सायबर बाजूने तसे झाले नाही. आता घरोघरी स्मार्ट मीटर येत आहेत. त्यांच्या पोटात दुरून वीज तोडणारा स्विच असतो, आणि पूर्वी जे आदेश फक्त उपकेंद्राच्या ब्रेकरला मिळत ते आता घराच्या दारापर्यंत पोहोचतील. अशा वेळी 2020 च्या नोंदी हा महाराष्ट्राच्या हातातला सर्वांत मौल्यवान अभ्यासाचा ठेवा आहे. महाराष्ट्र सायबरचा अहवाल, रिलेच्या नोंदी, स्काडाचे लॉग आणि त्या चौदा ट्रोजनांचे नमुने संवेदनशील पत्ते झाकून राज्य सरकारने आयआयटी मुंबई आणि व्हीजेटीआयच्या संशोधकांच्या हाती द्यावेत आणि त्यांचा निष्कर्ष, तो कोणत्याही बाजूने लागो, विधिमंडळाच्या पटलावर ठेवावा.